कायाहोगा नदीचा तो फोटो 1969 चा नाही

गेल्या रविवारी पहाटे सहाला धाकट्या भावाचा फोन आला. कोल्हापुरात तेव्हा दुपार होती. "ताई, पोरीला क्लीव्हलँडला नको पाठवायला. दुसरीकडं बघू." भाचीला इथल्या विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळालाय, त्यासाठी तिनं दीड वर्ष घासलंय, आणि मी अमेरिकेतल्या ईरी सरोवराकाठच्या या शहरात 14 वर्षं राहते. तरी भावाचा विश्वास माझ्यावर नाही, बापूकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजवर आहे. तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी दोन ग्रुपांवर आला, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मेसेजचं म्हणणं असं: क्लीव्हलँडची नदी 1969 साली पेटली, आठवडाभर जळत राहिली, शेकडो माणसं होरपळून मेली. आजही तिथं पाण्यात काडी टाकली तर भडका उडतो. शहराचं दिवाळं निघालं. निम्मं शहर ओसाड आहे, रात्री बाहेर पडता येत नाही. अमेरिकन लोक स्वतःच त्याला 'सरोवराकाठची चूक' म्हणतात. शिक्षण, संस्कृती यांचा पत्ता नाही. नदी पेटण्यासारखा प्रकार भारतात कधी घडला नाही, तेव्हा मुलांना तिकडं पाठवताना शंभरदा विचार करा. खाली दोन फोटो: ज्वाळांनी वेढलेली एक बोट आणि काचा फुटलेली एक प्रचंड इमारत.

आधी नदी, कारण बाकीचा सगळा मेसेज तिच्याच जिवावर उभा आहे.

22 जून 1969, रविवार, दुपारी बाराच्या सुमारास कायाहोगा नदीवर आग लागली हे खरं आहे. पाण्यावर तेलाचा तवंग होता, पुलांच्या खांबांना लाकूडफाटा अडकलेला होता, आणि वरून जाणाऱ्या रेल्वेची ठिणगी त्यावर पडली असावी. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. रेल्वेच्या दोन पुलांचं मिळून सुमारे 50,000 डॉलरचं नुकसान झालं. आठवडाभर काहीही जळत नव्हतं. शेकडो तर सोडाच, एकही माणूस मेला नाही.

मग तो बोटीचा फोटो? तो 1952 च्या नोव्हेंबरमधला आहे. ती आग खरोखर मोठी होती, तिच्यात 13 लाख डॉलरहून जास्त नुकसान झालं. 1969 ची आग इतक्या लवकर आटोपली की ज्वाळांचा एकही फोटो कुणाच्या हाती लागला नाही. स्थानिक वृत्तपत्रांनी छोटीशी बातमी दिली आणि विषय संपला. पण ऑगस्टच्या सुरुवातीला 'टाइम' साप्ताहिकानं देशातल्या घाणेरड्या नद्यांवर मजकूर छापला, कायाहोगा वाहत नाही, नुसती झिरपते असं लिहिलं आणि सोबत 1952 चा फोटो लावला. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, सिनेटर केनेडींच्या गाडीच्या अपघातानं अमेरिका ढवळून निघाली होती, आणि त्या दिवसांत असे अंक घराघरांत वाचले जात होते. सतरा वर्षांपूर्वीची आग लाखो वाचकांच्या डोळ्यांपुढं ताजी म्हणून गेली. बापूकाकांच्या फोनमधली चूक तिथून निघालेली आहे.

या सगळ्याचा छडा डेव्हिड स्ट्रॅडलिंग हे इतिहासाचे प्राध्यापक आणि त्यांचे पत्रकार भाऊ रिचर्ड यांनी लावला आहे. त्यांचा 2008 चा शोधनिबंध मी दोनदा वाचला. ज्यांना नदीबद्दल मत द्यायचं आहे त्यांनी तो एकदा तरी वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते दाखवून देतात की 1969 च्या क्लीव्हलँडकरांना ही आग विशेष वाटलीच नव्हती. कारखान्यांच्या या नदीवर 1868 पासून किमान डझनभर वेळा आगी लागल्या होत्या. 1912 च्या आगीत तर पाच जण गेले. 1969 साली लोकांपुढं जाणाऱ्या नोकऱ्या, मोडकळीला आलेली घरं आणि तीनच वर्षांपूर्वी हफ वस्तीत झालेली दंगल हे प्रश्न होते. आग मोठी झाली ती नंतर, सांगण्यात. प्रत्येक वर्षी कुणीतरी ती पुन्हा सांगितली आणि प्रत्येक सांगण्यात ती थोडी वाढली.

आणि पेटणारी नदी काही एकट्या क्लीव्हलँडची नव्हती. शिकागोची नदी पेटली आहे, बफेलोची पेटली आहे, डेट्रॉइटची रूज नदी तर त्याच 1969 च्या ऑक्टोबरात पेटली. शिकागोला कुणी 'जळत्या नदीचं शहर' म्हणतं का? मग क्लीव्हलँडलाच का चिकटलं? याचं जे उत्तर मला सापडलं त्यानं मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त माया वाटते. आगीच्या दुसऱ्याच दिवशी महापौर कार्ल स्टोक्स पत्रकारांना घेऊन नदीकाठी गेले. हे गृहस्थ 1967 साली निवडून आलेले, अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांनी पत्रकारांना एकेक जागा दाखवली: इथं कारखान्याचं पाणी येतं, इथं मैला येतो, परवाने राज्य सरकार देतं आणि शहराच्या हातात काही ठेवत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1968 च्या नोव्हेंबरात, याच शहरातल्या मतदारांनी नदी स्वच्छ करण्यासाठी 10 कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते. म्हणजे आग लागण्याआधी सात महिने लोक स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाले होते. ज्या गावानं आपली घाण झाकली नाही, बोट धरून जगाला दाखवली, त्याच्याच कपाळी घाणीचा शिक्का बसला. झाकणारी गावं सुटली. हे मला सहन होत नाही.

"आजही काडी टाकली तर भडका उडतो" हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं त्यानं ही नदी पाहिलेली नाही. 1969 साली वरच्या अंगाच्या अ‍ॅक्रन शहरापासून क्लीव्हलँडपर्यंतच्या पट्ट्यात मासा नावाला उरला नव्हता. आज तिथं माशांच्या 60 हून जास्त जाती सापडतात. 2019 साली, आगीला 50 वर्षं होत असताना, इथले मासे खाण्यावरचे निर्बंध सरकारनं सैल केले. नदीच्या वरच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान आहे, आणि जूनच्या संध्याकाळी शहरातल्या पात्रात पोरं वल्ह्याच्या होड्यांचा सराव करतात. मी दर उन्हाळ्यात काठावर बसून ते बघते. नदी निर्मळ झाली असं मी म्हणत नाही. मोठा पाऊस झाला की जुन्या गटारांतलं मैलापाणी अजूनही नदीत आणि सरोवरात येतं. ते थांबवण्यासाठी जमिनीखाली प्रचंड बोगदे खोदायचं काम चालू आहे, 25 वर्षांचा आणि सुमारे 3 अब्ज डॉलरचा प्रकल्प आहे. पण काडी टाकून पेटणारं पाणी ते हे नव्हे.

"भारतात असं कधी घडलं नाही." बंगळुरूचं बेळ्ळंदूर तलाव 2015 साली पेटलं, 2017 साली पुन्हा पेटलं, आणि त्याचा विषारी फेस रस्त्यावर आलेला साऱ्या देशानं टीव्हीवर बघितला. आम्ही तर पंचगंगेकाठचे. मेलेल्या माशांचा खच आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली आणि माणसं गेली. हे मी आपल्याला कमी लेखायला सांगत नाही. पंचगंगा माझी नदी आहे, तिच्यासाठी जीव तुटतो म्हणूनच दुसऱ्या गावाच्या नदीबद्दल असं खोटं पसरवलेलं बघून चीड येते.

आता दिवाळं. 15 डिसेंबर 1978 ला क्लीव्हलँड शहरानं स्थानिक बँकांचं सुमारे दीड कोटी डॉलरचं कर्ज मुदतीत फेडलं नाही, हे खरं. महामंदीनंतर असं करणारं ते पहिलं मोठं शहर. पण मुदत चुकवणं वेगळं आणि कोर्टात दिवाळं जाहीर करणं वेगळं. दिवाळ्याचा अर्ज डेट्रॉइटनं केला, तोही 2013 साली. मेसेजवाल्यानं दोन शहरं एकत्र कालवली आहेत. क्लीव्हलँडमध्ये काय झालं तेही ऐका. तिथले तरुण महापौर डेनिस कुसिनिच यांनी शहराची सार्वजनिक वीज कंपनी खासगी कंपनीला विकायला नकार दिला, आणि कंपनी विकत नाही म्हटल्यावर बँकांनी कर्जाला मुदतवाढ दिली नाही. पुढं फेब्रुवारी 1979 मध्ये मतदान झालं. लोकांनी वीज कंपनी ठेवायची असं ठरवलं आणि स्वतःवरचा कर वाढवून घेतला. कुसिनिच यांची महापौरपदाची कारकीर्द पुढच्याच निवडणुकीत संपली, वीज कंपनी आजही शहराची आहे.

दुसरा फोटो, काचा फुटलेल्या इमारतीचा, क्लीव्हलँडचा नाहीच. ते डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन आहे. 1988 साली बंद पडलं होतं, फोर्ड कंपनीनं विकत घेऊन दुरुस्त केलं आणि 2024 साली पुन्हा उघडलं. म्हणजे गाव चुकलं आणि काळही चुकला. सांगलीची बातमी देताना सोलापूरचा फोटो लावला तर आपण खपवून घेऊ का?

'सरोवराकाठची चूक' हे नाव आहे, इंग्रजीत ('मिस्टेक ऑन द लेक') यमक जुळतं म्हणून टिकलंय. टीव्हीवरच्या विनोदवीरांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. त्यावर अजून काही लिहावंसं मला वाटत नाही.

ओसाडपणाबद्दल मात्र मला मान खाली घालून काही कबूल करावं लागेल. 1950 साली या शहरात 9,14,808 माणसं होती, 2020 साली 3,72,624 उरली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये गरिबीच्या यादीत क्लीव्हलँड वरच्या नंबरावर असतं. पूर्व भागात रिकामे प्लॉट आहेत, पाडलेल्या घरांच्या जागा आहेत. 2008 च्या घरकर्जाच्या संकटानं स्लाविक व्हिलेजसारखी वस्ती पार पोखरून टाकली. जुन्या घरांच्या रंगात शिसं आहे आणि ते लहान मुलांच्या रक्तात उतरतं, हे माझ्या दृष्टीनं इथलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. काही गल्ल्यांतून रात्री एकटीनं चालू नकोस हे मी भाचीला सांगणारच आहे. पण माणसं गेली कुठं तेही सांगा. बरीचशी हद्दीबाहेरच्या उपनगरांत गेली, मीही तिथंच राहते. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, त्या वस्त्यांना घरकर्जं मिळेनात, पुढं पोलादाचे कारखाने बंद पडले, आणि ज्यांना जाता आलं ते गेले. राहिले त्यांच्याकडं बोट दाखवून 'ओसाड' म्हणणं सोपं आहे. दर शनिवारी मी वेस्ट साइड मार्केटमध्ये भाजी घेते, 1912 पासूनचा बाजार आहे, धक्काबुक्कीनं चालावं लागतं. ओसाड गावात असं होत नाही.

"शिक्षण, संस्कृती नाही." हे वाचून मी फोन खाली ठेवला. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी प्रकाशाच्या वेगाचा तो प्रसिद्ध प्रयोग 1887 साली याच गावात केला, जो बारावीच्या फिजिक्समध्ये भाचीनं पाठ केलाय. इथलं कलासंग्रहालय सर्वांना फुकट आहे आणि तिथल्या चोळकालीन नटराजापुढं मी कितीदा तरी उभी राहिले आहे. 1978 पासून दर वर्षी ईस्टरच्या सुमारास इथं त्यागराज आराधना होते, भारताबाहेरचा कर्नाटक संगीताचा सगळ्यात मोठा उत्सव. आमचे तमिळ शेजारी त्यासाठी सुट्ट्या राखून ठेवतात, आणि चेन्नईहून कलाकार येतात.

आणि बापूकाका, हे तुमच्यासाठी. तुमची बायपास झाली तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर बसलो होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून नेमका अडथळा बघायची पद्धत 1958 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स यांना सापडली. पायातली शीर काढून हृदयाला जोडायची शस्त्रक्रिया 1967 साली तिथंच रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी रुजवली. तुमच्या पायावर घोट्यापासून वर गेलेला जो व्रण आहे, त्याची विद्या ज्या गावात घडली ते हे गाव. तुम्ही मेसेज रागानं किंवा खोडसाळपणानं पाठवला नाहीत, पोरीच्या काळजीनं पाठवलात, हे मला ठाऊक आहे. म्हणून विनंती एवढीच की हा मजकूरही त्याच ग्रुपवर टाका, तुमच्या हातानं.

भावाला मी काल पुन्हा फोन केला. त्या मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, सरोवरावरून येणारा बर्फ. पूर्वेकडच्या भागात तो जास्त पडतो आणि विद्यापीठ त्याच बाजूला आहे, तेव्हा कोट तिथून घेऊ नकोस, इथं आल्यावर माझ्याबरोबर घेऊ. दुसरी, खोली ठरवण्याआधी घराचं बांधकाम कधीचं आणि रंगाची तपासणी झालीय का हे घरमालकाकडून लेखी मागायचं. युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवरची बस विद्यापीठापासून थेट शहराच्या मध्यापर्यंत जाते, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग फोन भाचीनं घेतला आणि विचारलं, "आत्या, नदीवर होड्या कुठल्या महिन्यात सुरू होतात?"