हॉलचा इतिहास लिहायला घेताय?

इंदूरच्या मिल एरियातल्या तुमच्या हॉलची स्मरणिका निघतेय आणि 'इतिहास' हे प्रकरण तुमच्या गळ्यात पडलंय, असं कळलं. अभिनंदन. परदेशीपुरा असो, पाटनीपुरा असो की नंदानगर, हॉलचा इतिहास सगळीकडे एकच असतो. घाबरू नका.

सुरुवात अहिल्यादेवींपासून करा. देवी १७९५ सालीच गेल्या आणि इंदूरच्या बहुतेक मोठ्या मिल्स विसाव्या शतकातल्या. पण मधल्या शंभरावर वर्षांचा हिशेब मागायला कोण येतंय? मग मिलमालक सर सेठ हुकुमचंद, त्यांचं काचमंदिर, म्हणजे काचेने मढवलेलं जैन मंदिर, कापसाच्या बाजारातला त्यांचा दरारा. 'काचमंदिराचा आपल्या हॉलशी काय संबंध?' असं मंडळातलं एखादं पोर विचारेल. त्याला जाहिराती गोळा करायला पाठवा.

आता हॉल. तो 'उभा राहिला' असंच लिहायचं. कोणी उभा केला, या भानगडीत पडू नका. आमच्या हॉलच्या पाटीवर इतक्या दिवाळ्यांचा ऑइलपेंट बसलाय की अक्षरं बोटांनी चाचपून वाचावी लागतात. मी एकदा चाचपली. वर साहेबांचं नाव लागलं, त्याखाली 'यांच्या शुभहस्ते', आणि शेवटच्या ओळीत 'कामगार बंधूंच्या वर्गणीतू...' एवढंच. पुढे स्विचबोर्ड आहे. कूलरचा.

फोटोंच्या ओळी जपून लिहा. 'बसलेले, डावीकडून' यांची नावं आडनावासकट, पदव्यांसकट. 'उभे : कामगार वर्ग.' उभ्या माणसांना नावं दिलीत की त्यांची नातवंडं प्रती फुकट मागतात.

गणपतीवर मात्र सढळ हाताने लिहा. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिल्सच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चालते देखावे, निघतात, इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं. मिल्सना कुलपं लागली तरी झांक्या थांबल्या नाहीत, हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. घरी पगार येत नसताना लोकांनी झांकीची वर्गणी कुठून काढली, ते विचारू नका. मजकूर उगाच जड होतो.

राहता राहिलं बंद पडणं. 'काळाच्या ओघात मिल बंद पडली.' बस. काळाच्या ओघासारखा सोयीचा आरोपी नाही, त्याच्यावर समन्स काढता येत नाही. तपशिलात शिरलात तर हुकुमचंद मिल निघते : डिसेंबर १९९१मध्ये भोंगा थांबला, ५,८९५ कामगार घरी बसले, आणि थकलेल्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा चेक आला २५ डिसेंबर २०२३ला. म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर साचे, म्हणजे माग, चालवणारे कित्येक जण वारले होते, फॉर्म भरायला वारस उरले. आता हे सगळं शुभेच्छा-संदेशांच्या शेजारी बरं दिसेल का? त्या पानावर तर आमदारांचा हसरा फोटो आहे.

आणखी एक. प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात कोणाची तरी आत्या पत्र्याची पेटी घेऊन येईल. आमच्याकडे आली होती. आत यजमानांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सुतळीत ओवलेल्या. वजावटीच्या रकान्यात, प्रॉव्हिडंट फंडाच्या खाली, शाईने लिहिलेलं : हॉल, ४ आणे. महिन्यामागून महिने, ४ आणे. आत्यांना खुर्ची द्या, चहा द्या, 'जपून ठेवा हं' म्हणा. छापायला जागा नाही म्हणून सांगा. खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही, कारण शेवटचं पान बिल्डरने आधीच घेतलेलं असतं. रंगीत. बावीस मजले, लोगोत मिलची चिमणी, आणि खाली बारीक नकाशा. त्यात 'क्लब हाऊस' जिथे लिहिलंय, तिथेच सध्या आपण प्रकाशनाच्या खुर्च्या मांडतोय.