सारंगीवाल्याचा नातू

स्टँडअप कॉमेडी करणाऱ्या झाकीर खानवर लिहायचं म्हणून तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा खोडून टाकलं. माणूस इंदूरचा, बोलतो हिंदीत, आणि मी अंबाजोगाईत खत-बियाण्याच्या दुकानात बसून त्याच्यावर मत देणार! पण पेरण्या उरकल्यात, पावसानं ओढ दिलीय, दुकानात गिऱ्हाईक नाही. तर वाचा.

2017 मध्ये त्याचा ‘हक से सिंगल’ हा शो आला तेव्हा मी पुण्यात होतो, सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. खोलीत चौघं. राज्यसेवेची पूर्व दुसऱ्यांदा हुकलेली. मेसचा डबा येईपर्यंत एकाच मोबाईलवर चौघं डोकी घालून ‘सख्त लौंडा’ बघायचो. तेव्हाचा झाकीर घाईत असायचा. एक हशा विरतो न विरतो तोच दुसरा. पोरगी हसून बोलली की पोरगं कसं पाघळतं आणि पाघळू नये म्हणून कसं ताठ राहायचं, जवळपास एवढाच विषय. तरी तो आमच्या वतीनं बोलतोय असं वाटायचं. कॅफेत गेल्यावर मेनूकार्ड उजव्या बाजूनं वाचणारी पोरं आम्ही. त्याच्याआधीचे इंग्रजी मिसळून बोलणारे स्टँडअपवाले बघताना आपण चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवायला बसलोय असं व्हायचं. ह्याची हिंदी मात्र आपल्या मोंढ्यावरही चालली असती.

आज ते सगळं बघवतंच असं नाही. मागच्या दिवाळीत बहिणीला मोठ्या हौसेनं दाखवायला गेलो. दहा मिनिटं बघून ती म्हणली, “दादा, पोरगी काय म्हणली ते ह्याच्यात कुठंच नाही रे.” आणि करंज्या तळायला उठून गेली. मी बराच वेळ तिला खोडून काढायला मुद्दा शोधत होतो. सापडला नाही.

2018 मध्ये ‘कक्षा ग्यारवी’. आता, अकरावी-बारावी लातूरला काढलेल्या माणसाला अकरावी म्हणलं की हसू येण्याआधी पोटात गोळा येतो. पहाटेचे क्लासेस, टेस्ट सिरीज, भिंतीवर लावलेले मार्क. त्यामुळं मी ते जरा आखडूनच बघितलं. पण तिथंच त्याचे किस्से लांबायला लागले होते, हे आत्ता कळतं. तेव्हा नुसतं वाटलं, हा मुद्द्यावर का येईना?

डिसेंबर 2022 मध्ये ‘तथास्तु’ आलं. गोदामात युरियाच्या थप्पीवर बसून, कानात इअरफोन घालून लावलं आणि अर्ध्यात बंद केलं. हसूच येईना. ग्रुपवर टाकलं, “झाकीर संपला.” सोळा जणांनी अंगठा दिला. त्यातल्या किती जणांनी बघितलं होतं ते विचारू नका.

पुढं काही दिवसांनी रात्री लाईट गेली. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवला आणि उरलेलं लावलं. दादा, म्हणजे आमचे वडील, शेजारी बाजेवर सुपारी कातरत बसलेले. “काय बगूलालास?” म्हणाले. कॉमेडी, म्हणलं. ते “हं” म्हणाले आणि अडकित्ता चालू. तिकडं झाकीर त्याच्या आजोबांवर आला. आजोबा म्हणजे उस्ताद मोईनुद्दीन खाँ, सारंगीवादक. घरात सगळं गाणं-बजावणं, ह्यानं स्वतः सितार शिकलेली, आणि निघाला कॉमेडी करायला. तो आजोबांबद्दल बोलत गेला आणि अडकित्त्याचा आवाज बंद झाला. मी वळून बघितलं नाही. आमच्यात अशा वेळी वळून बघत नसतात.

थोड्या वेळानं दादाच म्हणाले, “आबाच्या पखवाजाची कणीक अजून तशीच हाय.”

आमचे आबा, म्हणजे आजोबा, एकादशीच्या भजनाला पखवाज धरायचे. वाजवायच्या आधी डाव्या अंगाला भिजवलेली कणीक थापायची, वाजवून झालं की काढायची. शेवटच्या एकादशीला ती काढायची राहिली. तिचा दगड झालाय. आबाला जाऊन नऊ वर्षं झाली, पखवाज माळ्यावर आहे, आणि ती कणीक खरवडायला घरात कोणाचा हात उठलेला नाही. त्या रात्रीपर्यंत दादा त्यावर एक शब्द बोलले नव्हते.

गोदामात मला जो संथपणा खटकला तो ह्याच जागेसाठी होता. आधीचा झाकीर असता तर आजोबांच्या सारंगीवर फटक्यात टाळी घेऊन पुढं गेला असता. हा थांबला. कॉमेडीवाल्यानं स्टेजवर हशाविना थांबणं म्हणजे फडावर वगनाट्यातल्या सोंगाड्यानं टोपी काढून उभं राहणं. पब्लिक उठून गेलं तर? पण पब्लिक तोवर त्याचं झालेलं होतं, आणि ते त्याला माझ्याआधी कळलं.

एकट्या माणसानं स्टेज धरून ठेवणं मराठवाड्याला नवीन नाही म्हणा. औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे सरांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ 1979 पासून केलं. एकटा माणूस, बावन्न पात्रं, जवळपास तीन तास. आमच्याकडं त्याची कॅसेट होती, ऐकून ऐकून ताणलेली. सर गेले 2009 मध्ये; आता आपल्या माजलगावचे संदीप पाठक तेच करतात. सरांनी आपली बोली पुण्या-मुंबईसाठी धुऊन-पुसून घेतली नाही. झाकीरकडं मला तोच गुण दिसतो, म्हणून ही जोड. बाकी दोघांची जातकुळी वेगळी. सर पात्रात शिरून दिसेनासे व्हायचे, हा शेवटपर्यंत स्वतःच राहतो.

सगळंच गोड लागतं असंही नाही. ‘मनपसंद’ हा पुढचा शो मला मधेमधे ढिला वाटला, आणि 2024 चा टीव्हीवरचा कार्यक्रम तर नकोच होता. टीव्हीच्या सोफ्यावर हा माणूस पाहुण्यासारखा बसतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शो केला. मी दादांना बातमी वाचून दाखवली. दादांना त्याचं नाव अजून आठवत नाही.

“सारंगीवाल्याचा नातू का?”

“व्हय.”

“तिथं कशात बोलला?”

“हिंदीतच.”

“मग बरंय,” म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले.