घरबसल्या हार्मोन टेस्ट करून ‘पाळी जायला आली का’ हे ठरत नाही

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणींकडून आला. त्यात लिहिलं होतं: चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने घरबसल्या हार्मोन पॅनेल, म्हणजे हार्मोनच्या रक्ततपासण्यांचा संच, करून घ्यावं, रक्त घ्यायला माणूस घरी येतो. मेनोपॉज सुरू झाला का, पाळी कधी जाणार, सगळं रिपोर्टमध्ये कळतं. रिपोर्ट नॉर्मल आला तर त्रास मनाचा समजावा. एफएसएच (बीजांडकोशांना कामाला लावणारं हार्मोन) वाढलं की दिवस जाण्याची भीती संपली. दर सहा महिन्यांनी टेस्ट करून हार्मोन ‘बॅलन्स’ ठेवावेत. तीनदा मी सोडून दिलं. चौथ्यांदा तो माझ्या सख्ख्या बहिणीकडून आला, आणि तिने पैसे भरून टेस्ट केलीही होती.

ताई 47 वर्षांची. वर्षभर पाळीचं काही खरं नाही. कधी तीन आठवड्यांत येते, कधी अडीच महिन्यांनी, आणि आली की चार दिवस तिला उठवत नाही. रात्री गरम वाफा येतात, गाऊन घामाने भिजतो, पहाटे तीनला टक्क जाग. रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’. भावजी म्हणाले, “बघ, काही नाहीये. उगाच मनाला लावून घेतेस.” फोनवर ताईचा आवाज रडवेला होता. म्हणून आधी हाच मुद्दा घेते.

मी तो रिपोर्ट मागवून घेतला. एफएसएच 9.8. शेजारी छापलेल्या मर्यादा एक नाही, चार: पाळी आल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यासाठी 3.5 ते 12.5, बीज बाहेर पडतं त्या सुमाराला 4.7 ते 21.5, त्यानंतर 1.7 ते 7.7, आणि पाळी गेलेल्या बाईसाठी 25.8 ते 134.8. ताईचा आकडा पहिल्या दोन्हींत बसतो, तिसऱ्यापेक्षा जास्त आहे, चौथ्याच्या खूप खाली आहे. मग नॉर्मल कशाच्या हिशोबाने? शेवटच्या पाळीची तारीख लिहायचा रकाना कोरा. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने विचारलीच नव्हती. त्याला बोल लावत नाही, त्याला नळ्या भरायला पाठवलं होतं.

आणि तारीख लिहिली असती तरी फार फरक पडला नसता. एफएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. बीजांडकोश मंदावले की ती त्यांना जास्त जोर लावते, आकडा चढतो. पण पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत बीजांडकोश एका महिन्यात थकलेले असतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कामाला लागतात. आकडा आज 40, दीड महिन्याने 8. ताईचं रक्त ज्या सकाळी घेतलं, त्या एका सकाळचा तो आकडा. तिच्या वर्षभराच्या घामाला आणि जागरणाला तो खोटं ठरवूच शकत नाही.

हे माझं मत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2015 मध्ये मेनोपॉजवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट आहे: एरवी निरोगी असलेल्या, 45 च्या पुढच्या बाईला गरम वाफा येत असतील आणि पाळी अनियमित झाली असेल, तर रक्त न तपासता निदान करा. सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे मेनोपॉज. इस्ट्राडायोल आणि एएमएच ही बीजांडकोशातली दोन हार्मोनंसुद्धा या वयात निदानासाठी वापरू नका, असंही तिथेच लिहिलं आहे. ताईच्या पॅनेलमध्ये ही दोन्ही होती, पैसे लावून.

अजून एक. ताई केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी घेते. जास्त डोसचं बायोटिन काही यंत्रांवर एफएसएचचा आकडा खोटा कमी दाखवू शकतं. हार्मोनच्या तपासण्यांमध्ये बायोटिनमुळे असा घोळ होतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्येच दिला आहे. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हेही तिला कुणी विचारलं नव्हतं.

दिवस जाण्याबद्दलचं वाक्य तर मेसेजमधून काढूनच टाकायला हवं. एकदा एफएसएच वाढलं म्हणून पुढच्या महिन्यात बीज सुटणार नाही असं नसतं. ब्रिटनमधला सर्वसाधारण सल्ला असा, की शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधनाची काळजी घ्या. सेहेचाळिसाव्या वर्षी नको असलेले दिवस गेले, तर ते निस्तरायला मेसेज पाठवणारा येणार नाही.

‘पाळी कधी जाणार’ याची तारीख कुठलीच टेस्ट देत नाही. ‘बॅलन्स’साठी दर सहा महिन्यांनी रक्त देण्यात काही अर्थ नाही, कारण या वयात आकडे हलणारच.

खरं तेवढं मान्य करते. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर एफएसएच करायलाच हवं, तेही चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. 40 ते 45 मध्ये लक्षणं असतील तर डॉक्टर ही तपासणी करायला सांगू शकतात. आणि घरी रक्त घेण्यात गैर काही नाही. ताईच्या डॉक्टरांनी पाळीच्या तारखा विचारल्या, रक्तस्राव किती होतो ते विचारलं, आणि दोन तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. रक्त घरीच घेतलं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं. एवढं महागडं पॅनेल, आणि त्यात हिमोग्लोबिनच नव्हतं.

आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, रक्तस्रावासाठी सोनोग्राफी झाली आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ताई पाळीच्या तारखांना लाल गोल करते. तो मेसेज तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका. आणि तुमच्या घरात कुणाची पाळी वर्षभर बंद राहून नंतर नुसता डाग जरी दिसला, तरी पॅनेल बुक करत बसू नका, त्याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असू शकतो, आणि तो या पॅनेलमधल्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही.