‘आधी हुरूप, मग काम’ हा क्रमच उलटा आहे

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हुरूप तुमच्या आतच असतो, मन घट्ट केलं की तो जागा होतो. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, 21 दिवस एकही खाडा करू नका. माणूस जाऊन वर्ष झालं, आता रडणं पुरे. आणि डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासून अवघड जाणं) ही आळसाला दिलेली गोंडस नावं आहेत.

नुसता कंटाळा आलेल्या माणसाला यातलं काही लागू पडेलही. पण डिप्रेशन, शोक आणि एडीएचडी यांत गाडी तीन वेगवेगळ्या जागी अडते, म्हणून एकच धक्का तिघांना चालत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘मन घट्ट केलं की हुरूप येतो’

डिप्रेशनमध्ये काही करावंसं वाटणं हेच बऱ्याचदा आधी जातं. जे गेलंय तेच आधी आणा आणि मग उठा, असं सांगण्यात काय अर्थ आहे? माणूस वाट पाहत पडून राहतो, पडून राहिल्यानं बरं वाटण्याच्या संधी कमी होतात, मन आणखी खाली जातं. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडणारी उपचारपद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. इंग्लंडमधल्या 440 प्रौढांवरच्या एका चाचणीचे निकाल 2016 मध्ये आले. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली ही पद्धत, तज्ज्ञ थेरपिस्टांनी दिलेल्या सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणाऱ्या थेरपीपेक्षा) कमी ठरली नाही.

करायचं असं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद. दर दोन तासांनी काय केलं ते लिहा आणि पुढे 0 ते 10 मध्ये दोन आकडे: किती बरं वाटलं, आणि काहीतरी जमल्याचं समाधान किती. दोन रकाने वेगळेच हवेत. अंघोळीला ‘बरं वाटलं’मध्ये 1 आणि ‘जमलं’मध्ये 6 मिळू शकतात, एकच रकाना असेल तर ते 6 दिसतच नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोनच कामं ठरवा, एक आवडीचं (किंवा पूर्वी आवडत असलेलं) आणि एक गरजेचं. दिवस, वेळ, जागा आणि किती मिनिटं, सगळं आदल्या रात्री लिहून ठेवा. ‘व्यायाम’ असं लिहू नका. ‘साडेपाचला बूट घालून दारापासून दहा मिनिटं चालणं’ असं लिहा. सर्वांत वाईट दिवशीही जमेल एवढाच आकार ठेवा. काम सुरू करण्याआधी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहा आणि नंतर खरा आकडा. डिप्रेशन भविष्य नेहमी काळं रंगवतं, आणि अंदाज 1 व प्रत्यक्षात 3 असं तीनचार वेळा दिसलं की त्या रंगवण्यावरचा विश्वास थोडा डळमळतो.

बिघडतं कुठे? एक, चांगल्या दिवशी लोक तुंबलेली सगळी कामं उपसायला बसतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा फार पुढे जायचं नाही. दोन, यादीत नुसती कर्तव्यं भरतात. तीन, पहिले काही दिवस आकडे 1-2 वरच राहतात म्हणून कागद फेकून देतात. आनंद परत येतो तो सहसा शेवटी; आधी हालचाल वाढते.

‘यादी करा आणि शिस्तीनं पाळा’

एडीएचडी असलेल्या माणसाकडे याद्या डझनभर असतात. काय करायचं हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक असूनही सुरुवात होत नाही, हीच तर अडचण. दूरच्या बक्षिसाची ओढ त्याच्या मेंदूला पुरेशी लागत नाही आणि वेळेचा अंदाज सतत चुकतो. म्हणून आधार डोक्याबाहेर उभा करावा लागतो.

यादीतल्या ओळीऐवजी पहिली शारीरिक हालचाल लिहा: ‘अहवाल पूर्ण करणे’ नको, ‘फाइल उघडून शीर्षक टाइप करणे’. ते एखाद्या खुणेला बांधा: ‘चहाचा कप खाली ठेवला की लॅपटॉप उघडायचा.’ दहा मिनिटांचा टायमर लावा, आणि तो फोनवर नको, कारण फोन हातात घेतला की दहा मिनिटं तिथेच जातात. शेजारी कुणी शांतपणे आपलं काम करत बसलं तरी अनेकांची सुरुवात होते. व्हिडिओ कॉलवरही चालतं. प्रत्येक कामाला खरा किती वेळ लागला ते आठवडाभर लिहा आणि पुढचे अंदाज त्या आकड्यांवरून बांधा.

आणि हो, नवी वही, नवं ॲप काही आठवड्यांनी शिळं होणारच. नावीन्य संपलं की ओढ संपते. तेव्हा स्वतःला झोडपण्यापेक्षा वहीचा रंग बदला, जागा बदला. हे ठरवूनच ठेवायचं.

‘21 दिवस, एकही खाडा नको’

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. पुढे लंडनमध्ये 96 जणांच्या रोजच्या सवयी मोजल्या गेल्या, तेव्हा मधला आकडा 66 दिवस आला आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा. एखाद्या खाड्यानं फारसं बिघडलंही नाही. बिघडतं ते ‘खाडा झाला, आता सगळंच मोडलं’ या हिशेबानं.

‘पहाटे पाचला उठा’

रात्री दोनला झोप लागणाऱ्यानं पाचला उठलं तर लक्ष आणि मन दोन्ही आणखी खालावतं. आधी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीतही. मग दर काही दिवसांनी 15 मिनिटं लवकर उठा, आणि उठल्यावर लवकर उजेडात जा.

‘वर्ष झालं, आता पुरे’

शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांनी ऐकलेत. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांवरून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमानं ओलांडावेत, अशी ती शिडी नव्हे. 1999 मध्ये स्ट्रोब आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलेलं चित्र अनुभवाच्या जास्त जवळ आहे: माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी नव्या व्यवहाराकडे, आणि हे हेलकावे म्हणजेच सावरणं. म्हणून दोन्हींना जागा द्या. फोटो, पत्रं, आठवणी यांसाठी रोज 20 मिनिटं. बँक, कागदपत्रं, घरकाम यांसाठी वेगळा वेळ, आणि त्यात एका दिवशी एकच कागद. वर्षश्राद्ध, वाढदिवस अशा तारखांच्या आठवड्यात कामाचा आकार आधीच निम्मा करा.

पण ‘वेळच औषध’ हेही अर्धंच खरं. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ जवळजवळ रोज तशीच असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तर प्रौढांसाठी डीएसएममध्ये (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची निदानपुस्तिका) 12 महिन्यांनंतर आणि आयसीडी-11 मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) 6 महिन्यांनंतर दीर्घकालीन शोकविकाराचा विचार होतो. त्यासाठी शोकावर नेमकं काम करणारी थेरपी असते.

‘ही आळसाची नावं आहेत’

आळसात सुख असतं. अंथरुणात पडून स्वतःला दिवसभर शिव्या घालण्यात ते नसतं.

नावांचा उपयोग असा की ‘हे कधीपासून?’ हा प्रश्न विचारता येतो. एडीएचडीची लक्षणं वयाच्या 12 व्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. जवळच्या कुणाच्या मृत्यूनंतर किंवा मागच्या हिवाळ्यापासून लक्ष उडालं असेल तर कारण बहुधा दुसरं. डिप्रेशनसाठी किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदासी किंवा कशातच रस नसणं, आणि सोबत झोप, भूक, थकवा, अपराधीपणा यांतली काही लक्षणं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 तपासून घ्या. त्यांत बिघाड असला की येणारी मरगळ हुबेहूब अशीच दिसू शकते. डिप्रेशन आणि एडीएचडी दोन्ही असतील तर सहसा जास्त तीव्र असेल त्यावर आधी उपचार होतात. डिप्रेशनच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नाहीत. एडीएचडीच्या उत्तेजक औषधांचा परिणाम त्याच दिवशी जाणवू शकतो, पण मात्रा हळूहळू वाढवतात आणि नाडी, रक्तदाब, भूक, झोप पाहत राहतात.

नोंदींतले आकडे चार-सहा आठवडे हलले नाहीत, तर तोच कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पूर्वी कधी झोप कमी होऊनही अंगात अफाट ऊर्जा असल्याचे दिवस आले असतील तर ते आवर्जून सांगा, त्यानं औषधाची निवड बदलते. मरणाचे विचार येत असतील तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही: त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा तातडीचा विभाग गाठायचा, आणि तोवर एकटं राहायचं नाही.