श्रेय कुणाचं? फझलूर खान लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर आणि इतकी कडक प्रतिक्रिया इथे क्वचितच येते, तेव्हा दोन ओळींत उरकत नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: शिकागोच्या इमारतींचं श्रेय मी आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांच्या हातून काढून इंजिनिअर फझलूर खानांच्या पदरात टाकतोय. आरसीसी कन्सल्टंटचं (इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरचं) काम म्हणजे आर्किटेक्टने काढलेलं चित्र पडणार नाही एवढं बघणं. आणि स्टील वाचलं तर मालकाचे पैसे वाचले, त्याला प्रतिभा कशाला म्हणायचं? वर शेवटचा टोला, की दुबईच्या बुर्ज खलिफात खानांची ट्यूब (बाहेरच्या भिंतीनेच वारा पेलणारी रचना) नाहीच.

स्टीलपासून सुरू करतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

इमारतीचं वजन पेलायला लागणारं स्टील मजल्यांबरोबर वाढणारच. पण एका उंचीनंतर खरा त्रास वजनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. उंची दुप्पट झाली की पायथ्याशी इमारतीला वाकवणारा वाऱ्याचा जोर निदान चौपट होतो. जुन्या पद्धतीत कॉलम-बीमची चौकटच अधिकाधिक ताठ करत न्यायची, म्हणजे प्रत्येक वाढीव मजल्यापायी दंड भरत राहायचा. न्यूयॉर्कच्या ६० मजली वन चेस मॅनहॅटन प्लाझाला (१९६१) चौरस मीटरमागे सुमारे २७५ किलो स्टील लागलं. खानांच्या शिकागोतल्या १०० मजली, ३४४ मीटर उंच जॉन हॅनकॉक सेंटरला सुमारे १४५ किलो. चाळीस मजले जास्त आणि स्टील जवळपास निम्मं! सळयांमध्ये काटछाट करून हे साधत नाही. त्यासाठी इमारत वाऱ्याला तोंड कशी देते, हेच बदलावं लागतं.

खानांनी ते काम आतल्या चौकटीकडून काढून बाहेरच्या भिंतीला दिलं. बाहेरचे कॉलम जवळजवळ घ्यायचे, मजल्यामजल्याला खोल बीमनी जखडायचे, की सगळी इमारत जमिनीत रोवलेल्या पोकळ बांबूसारखी वागते. शिकागोतच ४३ मजली काँक्रीटच्या डेविट-चेस्टनट इमारतीत त्यांनी ही ट्यूब आधी उभी करून दाखवली होती. हॅनकॉकमध्ये कॉलम लांब लांब ठेवून दर्शनी भागावर स्टीलच्या तिरप्या खांबांच्या मोठमोठ्या फुल्या मारल्या. त्या फुल्या शोभेच्या नाहीत आणि ‘इंजिनिअरचा हट्ट’ही नाहीत. त्या काढा, आणि १४५चा आकडा विसरा.

आता श्रेय. इथे मी तुम्हाला तुमच्याच बाजूचा पुरावा देतो. शिकागोच्याच सीअर्स टॉवरच्या (आताचा विलिस टॉवर) वेळी जेवणाच्या टेबलावर ग्रॅहम यांनी मूठभर सिगारेटी एकत्र धरल्या, काही वर, काही खाली, आणि खानांना विचारलं, अशी इमारत होईल का? किस्सा बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. म्हणजे आकार ग्रॅहम यांना सुचला असं धरून चालू. पण ट्यूब फार रुंद झाली की भिंतीच्या मधले कॉलम आळशी होतात, भार कोपऱ्यांवर जातो. खानांना या दुखण्यावर उपाय हवाच होता. ७५ फूट बाजूच्या नऊ नळ्या शेजारी शेजारी बांधल्या की आतल्या सामाईक भिंती त्या आळशी कॉलमांना कामाला लावतात. शिवाय एकेक नळी मध्येच थांबवता येते: दोन ५०व्या मजल्यावर, दोन ६६व्या, तीन ९०व्या, उरलेल्या दोन थेट वर. ४४२ मीटरची ही इमारत १९९८पर्यंत जगात सर्वांत उंच होती. मग सांगा, ही कल्पना कुणाची? हॅनकॉकच्या फुल्यांमागे तर मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याचा प्रबंधही आहे, ज्याचे मार्गदर्शक मायरन गोल्डस्मिथ आणि खान होते.

आपल्याकडे ड्रॉइंग बरंचसं ठरून मग आरसीसीवाल्याच्या टेबलावर येतं, म्हणून तुमचं मत तसं झालं असावं. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत ग्रॅहम आणि खान दोघं एकाच छपराखाली होते आणि पहिल्या रेघेपासून भांडत होते. श्रेयाची वाटणी करायची तर ग्रॅहम यांना अर्धं द्या, माझी हरकत नाही. सगळं देऊ नका.

‘उंचीचं वेड’ हा तुमचा शब्द मात्र खानांना लागू पडत नाही. वाऱ्यात डोलणाऱ्या इमारतीत माणसाला किती हालचाल सहन होते, हे बघायला त्यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातल्या फिरत्या मंचावर माणसं बसवून पाहिली. आणि शेवटच्या वर्षांतलं त्यांचं मोठं काम बघा: जेद्दा विमानतळाचं हज टर्मिनल. ४५ मीटर बाजूचे २१० तंबू, टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड, खाली चहूबाजूंनी मोकळं. सावली आणि वारा यांवरच यात्रेकरूंची सोय केली. उंचीचा प्रश्नच नाही. (मार्च १९८२मध्ये जेद्दातच ते गेले, अवघ्या ५२व्या वर्षी.)

उरली बुर्ज खलिफा. बरोबर, तिथे ट्यूब नाही. मधल्या गाभ्याला तीन पंखांनी टेकू दिलाय, आणि तो विचार बिल बेकर या त्याच कंपनीतल्या इंजिनिअरचा. वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या बघून तिथे पंखांचे टप्पे बदलले, इमारतीची दिशासुद्धा फिरवली. ‘आर्किटेक्ट चित्र काढतो, इंजिनिअर ते पडू देत नाही’ या तुमच्या सिद्धांतासाठी याहून गैरसोयीचं उदाहरण तुम्हाला सापडलं नसतं.