‘डायलिसिस बंद करा, शहाळं प्या’ म्हणणाऱ्यांना

‘डायलिसिस हा धंदा आहे’ असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. गावाकडच्या कुणीतरी तो सासूबाईंना पाठवला आणि त्यांनी तो कोपरखैरण्यात आमच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचला. तोही माझ्या नवऱ्यासमोर, ज्याला आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला लावतात! मेसेजचं म्हणणं असं: एकदा डायलिसिस केलं की किडनी आळशी होते, शहाळं आणि कोथिंबिरीचा रस २१ दिवस अनशापोटी घेतला की क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) उतरतं, डॉक्टर पैशासाठी घाई करतात, करायचंच झालं तर सगळं सरकार फुकट करतं, नाहीतर बायकोने किडनी द्यावी, विषय संपला.

शहाळ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या थापांनी माणूस वैतागतो, या थापेने जीव जाऊ शकतो. शहाळ्याच्या १०० मिलीलीटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे एका मोठ्या शहाळ्यात सहज ५०० च्या वर. कोथिंबीरही त्याच जातीची. तुमची-माझी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते. ज्यांना लघवीच जेमतेम होते, त्यांच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आधी काही जाणवेलच असंही नाही. म्हणून तर आमच्याकडे बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी सिंकमध्ये ओततात. प्यायचं पाणीसुद्धा सकाळी बाटलीत मोजून भरलेलं. डायलिसिसची पाळी सोमवार-बुधवार-शुक्रवार असली की शनिवार-रविवारचा खंड सगळ्यात धोक्याचा, आणि नेमके रविवारीच पाहुणे शहाळी घेऊन येतात. ‘एवढ्या लांबून आणलंय, दोन घोट तरी घे’ म्हणतात. मी वाईट सून ठरते. ठरू दे.

‘आमच्या ओळखीच्याचं क्रिएटिनिन ८ वरून ५ वर आलं’, असंही मेसेजमध्ये आहे. डायलिसिसनंतर लगेच रक्त काढलं तर ते उतरलेलंच दिसणार. खाणंपिणं तुटून स्नायू झिजले तरीही उतरतं. त्यात आनंद कसला?

किडनी आळशी होते म्हणे. मधुमेहाने, बीपीने किडनी वर्षानुवर्षं खराब होत जाते, शेवटी डायलिसिस लागतं. छत्री उघडली म्हणून पाऊस पडला असं कुणी म्हणतं का? उलट पावसाळ्यात लेप्टोने (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाने) किडनी अचानक बंद पडलेले कितीतरी रुग्ण काही दिवस डायलिसिस घेतात आणि त्यातून कायमचे सुटतात.

आता ‘डॉक्टर घाई करतात’. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर ‘आयडियल’ नावाची चाचणी झाली, २०१० साली ती छापून आली. निम्म्यांना डायलिसिस लवकर द्यायचं, निम्म्यांना थांबून. लवकर सुरू केलेले जास्त जगले नाहीत. त्यामुळे नुसता आकडा बघून कुणी उद्याच या म्हणालं, तर दुसऱ्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, जरूर विचारा. पण त्याच चाचणीत ‘थांबा’ गटातल्या चारपैकी तिघांना ठरल्यापेक्षा आधीच सुरू करावं लागलं, बहुतेकांना त्रास वाढल्यामुळे. आणि ही सगळी चर्चा डायलिसिस सुरू करण्याआधीची. चालू डायलिसिस सोडलं तर पाणी फुप्फुसात भरतं. सासूबाई ‘या शुक्रवारी नको जाऊस’ म्हणाल्या तेव्हा मी आवाज चढवला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

फुकटचं सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे खरं. पण योजनेतल्याच रुग्णालयात. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आमचं कार्ड गावचं, त्यावर यांचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. शिवाय एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्यांचे ताजे रिपोर्ट सेंटर मागतं, फिस्टुलाच्या (मशीनच्या सुईसाठी हातातली रक्तवाहिनी तयार करतात त्या) ऑपरेशनचे कागद वेगळे. मुलीच्या शाळेची पालकसभा आणि शिधावाटप कार्यालयाची वेळ एकच असली की काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्याला कुणी सांगावं!

राहिली माझी किडनी. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको जवळचे नातलग धरलेत, त्यामुळे वाट तशी मोकळी. तरी विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, अख्ख्या कुटुंबाचा एकत्र फोटो, सगळं लागतं. पैसे देऊन बायको उभी करू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. आमच्या लग्नाची नोंदणीच तेव्हा केली नव्हती; आता ती करतोय. रक्तगट जुळला नाही तर दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करता येते, २०११ च्या दुरुस्तीने तशी सोय झाली. आणि माझ्याच तपासणीत साखर निघाली, तर डॉक्टर बहुधा मला नकोच म्हणतील. त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.