लेव्हीचा कॉलम

आज १ जून. पुण्याच्या हमालांचे नेते बाबा आढाव यांचा वाढदिवस. १९३०चा जन्म, म्हणजे आज असते तर शहाण्णव पूर्ण झाली असती. (त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच येतो, शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेला. या तारखांच्या घोळाकडे शेवटी पुन्हा यायचंय.)

२०२५च्या ८ डिसेंबरला बाबा गेले तेव्हा माझी फेसबुकची सगळी भिंत त्यांच्या फोटोंनी भरली होती. कष्टकऱ्यांचा आधारवड, ऋषितुल्य, शेवटचा गांधीवादी. मी काही लिहिलं नाही. लाज वाटत होती म्हणा हवं तर. कारण आमचं घर बाबांच्या बाजूचं नव्हतं. बाबा ज्यांच्याशी भांडले, त्या बाजूला आम्ही होतो. मालक नव्हतो, पण मालकाच्या गादीच्या कडेला बसणारे होतो.

माझे वडील, अण्णा, पुण्याच्या भुसार बाजारात दिवाणजी होते, म्हणजे दुकानाचे हिशेब लिहिणारे. एका आडत्याच्या दुकानी चाळीस वर्षं. आधी नाना पेठ, मग बाजार गुलटेकडीला गेला तसे तेही गेले. पांढरा सदरा, कानाला पेन, पुढ्यात रोजमेळ. त्याच दुकानाच्या दारात हमालांची टोळी. गोणपाटाची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडलेली, हातात आकडा. तेव्हाचं पोतं क्विंटलचं असायचं. शंभर किलो! ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं, थप्पी लागेपर्यंत. हेच पोतं पन्नास किलोचं व्हावं म्हणून बाबांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. आज कुणाला ती मागणी आहे असंही वाटणार नाही, इतकी ती साधी आहे.

बाबांचा आयुर्वेदाचा दवाखाना नाना पेठेत होता. मान, कंबर, गुडघा घेऊन येणारे पेशंट कोण असणार? बाजारातलेच. १९५५-५६च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली ती यातून. पुढे दवाखाना सुटला, पंचायत राहिली.

अण्णांना बाबा आवडायचे नाहीत. आमच्या घरात "आज बाबाने पुन्हा बाजार बंद ठेवला" हे वाक्य कुत्सित स्वरातच बोललं जायचं. आणि सगळ्यांत जास्त राग होता तो लेव्हीचा.

लेव्ही म्हणजे काय हे जरा सांगायला हवं, कारण बाबांवरच्या लेखांत हा शब्द शोधूनही सापडत नाही. हमालाला मालक एक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या, संध्याकाळी तिसऱ्याच ट्रकवर. मग त्याचा फंड कुणी कापायचा, ग्रॅच्युइटी कुणी द्यायची, भरपगारी सुट्टी कुठल्या शेटनं द्यायची? प्रत्येक आडत्या म्हणणार, हा माझा माणूस नाही. आणि ते खोटंही नव्हतं. या "माझा माणूस नाही"वर उत्तर म्हणून १९६९ साली महाराष्ट्रात ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा, असा दोन्हीकडून रेटा होता. कायद्यानं काय केलं? मधे एक मंडळ बसवलं, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालकानं मजुरी मंडळात भरायची, आणि मजुरीवर शेकडा अमुक इतकी लेव्ही वर भरायची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्ट्यांचा पगार. माणूस कुणाचाही नसला तरी त्याचं म्हातारपण सगळ्यांच्या वहीत थोडं थोडं लिहिलेलं.

मला विचाराल तर स्वातंत्र्यानंतर या राज्यात सुचलेल्या सगळ्यांत हुशार गोष्टींपैकी ही एक आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या पुढे निघाल्या, हेही खरंय, आणि कारखानदारांची ती तक्रार मी उडवून लावणार नाही. पण त्या टोळ्यांकडे बोट दाखवून कायदाच सैल करायचा, हे म्हणजे उंदीर झाले म्हणून कोठार पाडणं.

तर हा लेव्हीचा कॉलम अण्णांना रोज लिहावा लागायचा. हमाली, तोलाई, वाराई आणि आता ही नवी ब्याद. शेटजी कुरकुरायचे, अण्णा त्यांच्यापेक्षा जास्त. "दारू पिणाऱ्यांना फंड कशाला हवाय?" असंही म्हणायचे. मी तेव्हा शाळेत होते आणि मला ते पटायचं. वडिलांचं पटतंच त्या वयात.

पूर्वी काय व्हायचं, तेही अण्णांनीच सांगितलेलं. हमालाची पाठ गेली की तो दुसऱ्या दिवशी यायचा नाही, त्याच्या जागी त्याचा पुतण्या नाहीतर गावचा कुणी उभा असायचा. मुळशी, मावळ, वेल्हा, भोर. म्हातारा गावाकडे जायचा, भात लावायला, नाहीतर ओट्यावर बसून मरायला. निरोप समारंभ वगैरे काही नाही. दुकानाच्या वहीत त्याचं नावसुद्धा नसायचं, टोळीच्या मुकादमाचं असायचं.

आमच्या दुकानच्या टोळीत एक मामा होते. मुळशीकडचे. मला लहानपणी खारकेचा तुकडा द्यायचे, पोत्यातून सांडलेल्या. मामा निवृत्त झाले तेव्हा मी कॉलेज संपवून नोकरीला लागले होते. ते घरी आले ते पेढे घेऊन. फंड आणि ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला होता. आकडा मला आठवत नाही, मामींचा चेहरा आठवतो. गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायचा होता. अण्णांना वाकून नमस्कार केला त्यांनी. अण्णांनी पेढा हातात धरला आणि बराच वेळ खाल्ला नाही.

चार वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. शेटजींनी शाल, श्रीफळ आणि एक पाकीट दिलं. पाकिटात दोन महिन्यांचा पगार होता. संपलं. पीएफचा कायदा वीस माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागतो. आमच्या दुकानी दिवाणजी, एक पोऱ्या आणि शेटजींचा भाचा. दुसऱ्याच्या म्हातारपणाची रक्कम अण्णांनी पंचवीसेक वर्षं स्वच्छ अक्षरात लिहिली, आणि त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाला कुठल्याच वहीत कॉलम नव्हता. कारण ते "सुशिक्षित" होते. पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं संघटना काढायची नसते, आडत्याच्या दारात घोषणा द्यायच्या नसतात.

ते याबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "आम्हाला कुणी बाबा भेटला नाही." आणि मग लगेच, "भेटला असता तरी आम्ही गेलो नसतो म्हणा." माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात स्वतःबद्दल केलेलं हे सर्वांत प्रामाणिक विधान.

बाबांबद्दल लिहिताना लोक 'एक गाव एक पाणवठा'पासून सुरुवात करतात, ते योग्यच आहे. १९७२च्या दुष्काळात गावोगाव फिरून, इथे दलितांना विहिरीवर पाणी भरू देतात का, हे विचारत जाणं, ही साधी गोष्ट नव्हती. कष्टाची भाकर, म्हणजे हमालांसाठी स्वस्त जेवण, १९७४ची. मग रिक्षा पंचायत, पथारीवाले, मोलकरणी, १९९३ला कागद काच पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत. यादी देत बसत नाही, ती सगळीकडे आहे. मला बोलायचंय ते बाबांच्या म्हातारपणी हाती घेतलेल्या एका कामाबद्दल, ज्यावर फार कमी लिहिलं गेलं.

२०१२ साली अरुणा रॉय आणि बाबांनी मिळून पेन्शन परिषद उभी केली. दिल्लीला जंतर मंतरवर देशभरातले म्हातारेकोतारे मे महिन्याच्या उन्हात धरणं धरून बसले. बाबा तेव्हा ब्याऐंशीच्या घरात. मागणी अशी: असंघटित क्षेत्रात राबलेल्या प्रत्येक वृद्धाला दरमहा किमान २,००० रुपये पेन्शन, त्यानं आधी वर्गणी भरलेली असो वा नसो, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. प्रत्येकाला, हा त्यातला कळीचा शब्द. गरीब शोधत बसू नका, राबणारे शोधा. आणि या देशात राबला नाही असा म्हातारा गरिबांत सापडणार नाही.

आता हिशेब बघा, अण्णांची मुलगी आहे मी. राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्र सरकारचा वाटा आहे महिना २०० रुपये. दिवसाचे पावणेसात रुपयेसुद्धा होत नाहीत. कटिंग चहा येत नाही. आणि हा आकडा २००६ सालापासून जागचा हललेला नाही. आपलं राज्य त्यात भर घालतं म्हणून श्रावणबाळ योजनेत आता दीड हजार मिळतात. पण कुणाला? वय ६५ पूर्ण, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. भागाकार करा: अख्ख्या घराची दिवसाची कमाई ५८ रुपयांपेक्षा कमी. पुण्यात असं घर दाखवा मला. म्हणजे दाखला खोटा काढल्याशिवाय योजना मिळत नाही, आणि मग आपणच म्हणायचं, हे लोक खोटे दाखले काढतात.

आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत ज्येष्ठ नागरिक संघ आहे. सकाळी हास्यक्लब, महिन्याला व्याख्यान, वर्षाला सहल. मी दोन वर्षांत साठीची होईन, मलाही घेतील. त्यांच्या मागण्या मला माहीत आहेत: रेल्वेची सवलत २०२०ला बंद झाली ती परत द्या, फुटपाथ मोकळे करा, एफडीचं व्याज वाढवा. रास्त आहेत सगळ्या. पण त्या बागेचा झाडूवाला सत्तरीचा आहे आणि त्याला कुणी ज्येष्ठ नागरिक म्हणत नाही. तो नुसता म्हातारा. बाबांनी हा भेद कधी मानला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच आमच्या वर्गाला ते "आदरणीय" वाटत राहिले पण आपले वाटले नाहीत.

ते स्वतः तर ज्येष्ठ नागरिक झालेच नाहीत. २०२४च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या निकालानंतर, चौऱ्याण्णवाव्या वर्षी फुलेवाड्यात उपोषणाला बसले. २८ तारखेला, फुल्यांच्या स्मृतिदिनी. मतदान यंत्रांचा मुद्दा होता. खरं सांगायचं तर तो मला तेव्हा पूर्ण पटला नव्हता आणि आजही पटत नाही. शरद पवार येऊन गेले, अजित पवार येऊन गेले, ३० तारखेला उद्धव ठाकऱ्यांच्या हातून पाणी घेऊन उपोषण सुटलं. मी उपोषणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेले होते, नुसती बघायला. गर्दीत मागे उभी राहिले. पुढे सतरंजीवर मार्केट यार्डातली जुनी माणसं बसली होती, पांढऱ्या टोप्या, वाकलेल्या पाठी. तिथे कुणीतरी माझ्या मुद्द्यावर वाद घातला असता तर बरं झालं असतं. पण त्या पाठींकडे बघून मला अण्णांचा पेढा आठवला आणि मी निघून आले.

आता ते तारखांचं.

आमच्याकडे अकरा वर्षं एक मावशी कामाला येतात. गुडघे गेलेत. गेल्या महिन्यात त्यांना श्रावणबाळचा अर्ज भरायला घेऊन गेले. खिडकीवरच्या माणसानं आधार कार्ड बघितलं: जन्म १ जानेवारी १९६४. वय बासष्ट. "तीन वर्षांनी या." मावशी म्हणाल्या, "अवं, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, थोरली कडेवर होती." त्या माणसाला हिशेब कळला. आधार कार्डाप्रमाणे मावशी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. तो हसला, वाईट नव्हता बिचारा, आणि म्हणाला, सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला आणा, मग उत्पन्नाचा दाखला, मग रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे ते वेगळं करा.

परत येताना रिक्षात मी त्यांना बाबांबद्दल सांगायला लागले. पेन्शन, जंतर मंतर वगैरे. मावशींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते हमालांना फंड त्यांनीच मिळवून दिला ना? कोण देतं तो?"

मी म्हटलं, "ज्यांच्याकडे ते काम करतात ते."

मावशी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. अकरा वर्षं मी त्यांना पगार देतेय, दिवाळीला बोनस आणि साडी देतेय, आणि स्वतःला बऱ्या घरांतली समजतेय. त्या चार घरी काम करतात. चारही घरांचं म्हणणं एकच असणार, त्या काही फक्त आमच्या नाहीत.

घरी आल्यावर हिशेबाची वही काढली. मावशींच्या पगारापुढे पट्टीनं एक उभी रेघ मारून ठेवलीय. वर काय लिहायचं ते माहीत आहे. शेकडा किती, यावर आमच्या घरात गेले तीन आठवडे वाद चाललाय, आणि नवऱ्याचा आवाज अगदी शेटजींसारखा येतो.

मावशींचं म्हणणं वेगळंच आहे. दाखल्यांसाठी चार-पाच खाडे होतील, तेवढे धरू नका, आणि तोवर दुसरी बाई बघू नका.